महालक्ष्मीची ओटी, कमळ आणि मुंबईतली रांग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. मुंबईच्या महालक्ष्मीला एकदा जायचं म्हणतात. आम्ही डोंबिवलीला राहतो. नवरात्रात न्यावं का? कसं न्यावं?

नवरात्रात नेऊ नका. त्या दिवसांत रांग देवळाच्या गल्लीतून बाहेर भुलाभाई देसाई मार्गावर येते आणि तासन्‌तास उभं राहावं लागतं. मध्येच बसायला जागा नसते आणि एकदा आत शिरलं की मागे फिरणंही अवघड होतं. त्यात वयस्कर बायका उपवास धरून येतात, पाणीही पीत नाहीत आणि दर्शनाआधीच चक्कर येते. नवरात्राखेरीज शुक्रवार, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लक्ष्मीपूजनाचा दिवसही टाळा. एखादा साधा सोमवार किंवा बुधवार धरा.

वेळ लोकलच्या गर्दीवरून ठरवा. देऊळ पहाटे ६ पासून रात्री १० पर्यंत उघडं असतं, पण तुम्हाला सकाळच्या लोकलमध्ये सासूबाईंना चढवता येणार नाही. अकराच्या सुमारास निघा, दीड-दोनपर्यंत दर्शन उरका आणि परतीची गाडी चारच्या आत पकडा. पाचनंतर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत त्यांना उभं राहायलाही जागा मिळायची नाही.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी धरायची, हा नेहमीचा रस्ता (जलद गाडी महालक्ष्मीला थांबत नाही). पण त्यात दादरचा पूल चढावा लागतो, पुढे महालक्ष्मी स्टेशनपासूनही देऊळ बरंच लांब आहे. गुडघ्यांचा विचार केला तर भायखळ्याला उतरून टॅक्सी करणं चांगलं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘महालक्ष्मी’ म्हणू नका, तो स्टेशनवर किंवा रेसकोर्सला नेऊन सोडेल. ‘ब्रीच कँडीचं महालक्ष्मी मंदिर’ म्हणा. टॅक्सी मोठ्या रस्त्यावरच सोडावी लागते. तिथून फुलवाल्यांच्या गल्लीतून चालायचं आणि पायऱ्या चढायच्या. सासूबाईंना पट्ट्याची चप्पल घालू नका, कारण ती काढताना वाकावं लागतं.

एक गोष्ट त्यांना घरीच सांगून ठेवा. गाभाऱ्यात तीन मूर्ती आहेत : मधे महालक्ष्मी, तिच्या दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. समोर उभं राहायला मिळतात ते काही क्षण. आपल्या बायका हात जोडतात आणि सवयीने डोळे मिटून घेतात, मग डोळे उघडतात तो पुढे सरका म्हणून सांगितलेलं असतं. मनातलं मागणं रांगेतच मागून घ्यायचं आणि समोर गेल्यावर डोळे उघडे ठेवून देवीचा चेहरा पाहायचा. नाकातली नथ, गळ्यातली मोत्यांची माळ, कपाळावरचं कुंकू नीट पाहून आलेलं माणूस वर्षभर डोळे मिटून ते दर्शन घेऊ शकतं.

प्रश्न : ओटीत नेमकं काय काय न्यावं? देवळाबाहेर तयार ताट मिळतं ते चालेल का? साडी द्यावी की खण पुरे? (एक वाचक, नाशिक)

खण पुरेसा आहे. ओटी म्हणजे खण-नारळ आणि तांदूळ, बाकी सगळं हौसेचं.

घरून न्यायचं असेल तर एवढं घ्या : एक खण, एक नारळ, पाव किलो तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी, एक खारीक, एक बदाम, विड्याची दोन पानं, एखादं फळ, हळद-कुंकवाच्या दोन पुड्या, वेणी किंवा गजरा आणि दक्षिणा. काही घरांत सुकी वस्तू प्रत्येकी पाच घ्यायची रीत आहे. तुमच्या घरी असेल तर तसं करा.

तांदूळ अख्खे हवेत. आदल्या रात्री ताटात पसरून कणी काढून टाका. ओटीला अक्षताच वाहतो आपण, आणि अक्षत म्हणजे न तुटलेलं. निवडलेले तांदूळ छोट्या कापडी पिशवीत भरून वर सैल गाठ मारा. प्लॅस्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारली की रांगेत घामेजल्या बोटांनी ती सुटत नाही, दात लावावे लागतात, पिशवी फाटते आणि तांदूळ लोकांच्या पायाखाली जातात.

नारळ सोललेला असावा, पण शेंडी राखलेली हवी. दुकानदार कधी कधी पूर्ण गुळगुळीत करून देतो. असा नारळ उन्हात चार तास राहिला की तडकतो, पाणी झिरपतं आणि खण भिजतो. घेताना हलवून पाणी वाजतं का ऐका आणि शेंडीच्या मुळाशी, डोळ्यांजवळ, अंगठा दाबून पाहा. तिथे ओल लागली तर तो नारळ ठेवून द्या. बंदोबस्त कडक असेल त्या दिवशी नारळ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बाहेरचा फलक वाचून मगच विकत घ्या.

काचेच्या बांगड्या द्यायच्या असतील तर खणाच्या घडीत गुंडाळा. नुसत्या पिशवीत टाकल्या तर नारळाखाली सापडून फुटतात, आणि मग बायकांना ते मनाला लागून राहतं.

मांडणी रांगेत लागण्याआधी करा. तळाशी उघडा खण, त्यावर नारळ, बाजूला विडा आणि सुकी वस्तू, सगळ्यात वर वेणी. समोर गेल्यावर नारळाची शेंडी देवीकडे करून ताट पुजाऱ्यांच्या हाती द्यायचं. घरच्या सवाष्णीची ओटी ओंजळीने तांदूळ घालून भरतो तसा अवकाश तिथे मिळत नाही. तांदळाची पिशवी सोडून खणावर ठेवलेली असली की भरलीच ओटी. पुजारी खण किंवा नारळ देवीला लावून परत देतील. तो देवीचा प्रसाद आहे. नारळ घरी वाढवून खोबरं वाटा, खण शिवून अंगावर घाला. कपाटात ठेवून कसर लावू नका.

बाहेरचं तयार ताट चालतं, पण त्यातला खण बहुतेक वेळा झुळझुळीत आणि इतका तोकडा असतो की त्याची चोळी होत नाही. निदान खण तरी घरून न्या. साडीचं म्हणाल तर मनात असेल तर जरूर द्या, पण ती कुणी नेसेल अशी द्या. देवीला आलेल्या साड्या बऱ्याच देवस्थानांत पुढे प्रसाद म्हणून विकतात, आणि ती घेणारी बाई श्रद्धेने नेसते.

प्रश्न : माझी आई विधवा आहे. तिने देवीची ओटी भरली तर चालते का? नातेवाईक नको म्हणतात.

चालते. भरावीच. देवी आई आहे, आणि लेकीने आईची ओटी भरायला तिचा नवरा हयात असावा लागत नाही. देवळात कुणी विचारतही नाही. आईच्या हातात ताट तुम्ही द्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहा.

प्रश्न : देवीचं खरं रूप फक्त रात्री दिसतं असं ऐकलं. खरं आहे का?

आपण दिवसभर पाहतो ते सोन्याचे मुखवटे आणि दागिने ल्यालेलं रूप. रात्री उशिरा, देऊळ बंद व्हायच्या थोडं आधी, मुखवटे उतरवतात आणि खालच्या स्वयंभू मूर्तींचं दर्शन होतं, तेही थोडाच वेळ. यासाठी साडेनऊच्या आधी देवळात पोहोचलेलं हवं, आणि गर्दीच्या दिवशी हा बेत करू नये. परतीच्या गाडीची सोय आधी बघा.

या मूर्तींची कथा मुंबईच्या जडणघडणीशी जोडलेली आहे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात वरळीची खाडी अडवायला बांध घातला जात होता, तो पुन्हा पुन्हा ढासळत होता. रामजी शिवजी या पाठारे प्रभू अभियंत्याला देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. आजचं देऊळ व्यापारी धाकजी दादाजी यांनी १८३१ मध्ये बांधलं.

प्रश्न : देवळाबाहेर कमळ घेतलं, तर ते मिटलेलंच होतं. फुलवाल्याने फसवलं का? घरी नेऊन फुलेल का?

फसवलं नाही. कमळ तळ्यात सकाळी उमलतं आणि दिवस वर आला की मिटतं. कापलेली कळी बहुधा फुलतच नाही, दोन-तीन दिवसांत पाकळ्यांची टोकं काळी पडतात. म्हणून ती हाताने उमलवावी लागते. फुलवाले ते झटपट करतात, तुम्हालाही जमेल.

कळी देठाशी धरा. सगळ्यात बाहेरची पाकळी बोटाच्या पेराने आतल्या बाजूला अर्धी दुमडा आणि तिचं टोक बुडाशी खोचा. मग शेजारची. असे दोन-तीन फेर झाले की मधली घट्ट कळी तशीच राहते आणि भोवती गुलाबी वर्तुळ तयार होतं. नख लावू नका. जिथे नख लागतं तिथे काही वेळात तपकिरी रेघ उमटते. हे काम रांगेत लागल्यावर करा, घरी करून आणलं तर दुमडी सैल पडतात.

घेताना बुडाशी हिरवट झाक असलेली, टोकं काळी न पडलेली कळी घ्या. कमळाच्या नावावर कधी कधी कुमुदिनी विकतात, ते मात्र ओळखता आलं पाहिजे. कमळाचा देठ खरखरीत, बारीक काट्यांचा असतो. तो हळूच मोडून ओढला तर रेशमासारखे तंतू सुटतात. फुलाच्या मध्यभागी, पाकळ्या जरा बाजूला केल्या की, भोकाभोकांची छोटी पिवळट चकती दिसते. त्याच चकतीत पुढे कमळगट्टे धरतात. कुमुदिनीत ती नसते. कुमुदिनी वाहिली म्हणून दोष लागत नाही, पण कमळाचे पैसे कशाला द्यायचे?

प्रश्न : एकाच दिवशी मुंबादेवी आणि महालक्ष्मी होईल का? (एक वाचक, सोलापूर)

सहज होईल, फक्त मुंबादेवी आधी करा. तिचं देऊळ झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत आहे. दुकानं उघडली की तिथे हातगाड्या आणि हमाल यांच्यामधून वाट काढावी लागते. नऊच्या आत गेलात तर गल्ल्या मोकळ्या मिळतात. सोलापूरची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येत असेल तर तिथून टॅक्सीने थोडंच अंतर आहे. लोकलने मस्जिद स्टेशन जवळ पडतं.

कोळ्यांची ही देवी, आणि शहराला नाव तिचंच. शेंदरी चेहऱ्याच्या मूर्तीला तोंड नाही, ते मुद्दाम पाहा. देवीचं वाहन वाराप्रमाणे बदलतं. शेजारी अन्नपूर्णा आहे, तिला विसरून पुढे जाऊ नका.

तिथून काळबादेवी मेट्रो स्टेशन गाठा. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू आहे. काळबादेवीहून महालक्ष्मी चौथं स्टेशन, पुढे टॅक्सी. दोन ओट्या घरून बांधून आणल्या असतील तर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि त्यांवर नावं लिहा. घाईत दोन्ही नारळ पहिल्याच देवळात दिले जातात.

प्रश्न : पुरुषांनी ओटी नेली तर?

न्यावी. ताट पुजाऱ्यांकडे द्यायचं, घरातल्या बाईच्या नावाने म्हणून सांगायचं. स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतील तेव्हा ताट कुणाकडे आहे ते रांगेत लागण्याआधी ठरवा.