साठवणीतली पत

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नेत्याच्या ऑफिसात जनसंपर्काचं काम घेतलंस, आनंद झाला. ‘इमेज बिल्डिंग’ हा शब्द मात्र पत्रात चार वेळा आलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

२६/११ च्या वेळी तू शाळेत असशील. पत्रकारांनी घेरलं आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, हिंदीत बोलून गेले, मोठ्या शहरात असं छोटंमोठं होतच असतं, अशा अर्थाचं. १ डिसेंबर २००८ ला त्यांनी गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुखांना तर बोलावंही लागलं नाही. ताजच्या पाहणीत त्यांच्यासोबत मुलगा रितेश आणि एक सिनेमा दिग्दर्शक दिसले, लोक खवळले, आणि मुख्यमंत्रिपद गेलं. एकाला शब्द भोवले, दुसऱ्याला चित्र.

आता पुढचं बघ. नोव्हेंबर २००९ मध्ये आबा पुन्हा गृहमंत्री! यात पक्षाची गणितं असणारच, नाही म्हणत नाही. पण तासगावजवळच्या अंजनीचा, जिल्हा परिषदेपासून वर आलेला, ग्रामस्वच्छता अभियानासाठी गावोगाव फिरलेला माणूस लोकांनी आधी पाहिला होता. ‘आबा घसरले, पण माणूस सरळ’ हे मी चहाच्या टपरीवर ऐकलंय. ती पत कुठल्या एजन्सीने बांधून दिली नव्हती.

कंपन्यांचंही तेच. २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीचं आधीचं म्हणणं काय, तर दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. ते कोणाला पटणार? पुढे २००४ मध्ये वेष्टन बदललं, अमिताभ बच्चनही जाहिरातीत आले. जुन्याच वेष्टनावर नुसते अमिताभ आणले असते, तर त्यांचीही पत खर्ची पडली असती.

माझी एक चूक सांगतो. एका पुढाऱ्याचा दुष्काळी दौरा होता. टँकरपाशी एक बाई हंडा भरून निघाली होती. मी म्हटलं, मावशी, हंडा परत खाली ठेवा, साहेब उचलून देतील, फोटो घ्यायचाय. ती म्हणाली, “फोटूपायी सांडलं तर टँकर परत येईल का?” हंडा तिने डोक्यावरून उतरवलाच नाही. मागे उभ्या वार्ताहराने वाक्य टिपून घेतलं, आणि सकाळी तेच मथळ्यात. माझं चार पानी प्रसिद्धीपत्रक कुणी उघडलंही नाही. साहेब मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा सोमवारी रुजू झालीस की कात्रणांची फाइल नंतर बघ. आधी टपालाच्या टेबलावर जा आणि उत्तर न गेलेले अर्ज किती पडलेत ते मोज. आकडा मला कळव.

तुझा,
काका