कॉम्प्लेक्स म्हणजे फक्त अवघड नाही

अरे, कॉम्प्लेक्स शब्द दिसला की लगेच 'अवघड' लिहून मोकळा होऊ नकोस. मूळ अर्थ आहे अनेक भाग एकमेकांत गुंतून तयार झालेलं, मग ते समजायला सोपं असो वा कठीण. व्याकरणातच बघ ना, 'आय स्टेड होम बिकॉज इट वॉज रेनिंग' किती साधं वाक्य आहे, पण ते कॉम्प्लेक्स सेंटेन्स, कारण त्यात एक प्रधान वाक्य आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं गौण वाक्य आहे, मराठीत यालाच आपण मिश्र वाक्य म्हणतो, आणि तेच 'अँड' किंवा 'बट'ने दोन बरोबरीची वाक्यं जोडली की ते कंपाउंड, आपलं संयुक्त, नवीन शिकणारे बहुतेक इथेच गंडतात. गणितातला कॉम्प्लेक्स नंबर पण तसाच, वास्तव भाग अधिक काल्पनिक भाग.

कॉम्प्लिकेटेडमध्ये मात्र बऱ्याचदा वैतागाची छटा असते. फॉर्म भरताना डोकं फिरलं तर तो वापर, मेंदूच्या रचनेबद्दल लिहिताना कॉम्प्लेक्सच शोभतो. इमारतींचा समूह किंवा मनातला गंड या अर्थाने नाम म्हणून आला की उच्चारात जोर 'कॉम्'वर, विशेषण असताना बरेच अमेरिकन लोक तो 'प्लेक्स'वर देतात. डिक्शनरीत अर्थाच्या आधी उदाहरणं वाच, खरंच फरक पडतो.