वाचक विचारतात : गच्चीवरून विश्वाची सुरुवात मोजता येते का?

प्रश्न : मी एस.वाय.ला फिजिक्स शिकते. लॅपटॉप आणि यूएसबी रेडिओ डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) एवढ्यावर सोसायटीच्या गच्चीवरून विश्वाच्या सुरुवातीबद्दल काही हाती लागेल का?
– एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : थेट सुरुवात नाही, पण आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा, म्हणजे त्याचे अणू ज्या ठरावीक वारंवारतेला रेडिओलहरी सोडतात तिथे आलेखात दिसणारा सुळका, मिळेल. त्यातले बहुतेक प्रोटॉन विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या आतले आहेत, म्हणजे माल जुनाच.

१६ सेंमी व्यासाचा, किमान २५ सेंमी लांब पत्र्याचा डबा घ्या. बंद तळापासून ८ सेंमीवर भोक पाडून कनेक्टर बसवा आणि त्याला ५ सेंमीची तांब्याची तार आतल्या बाजूला सरळ उभी जोडा. उघड्या तोंडाला फॉइल लावलेल्या पुठ्ठ्याचं नरसाळं: तोंड ६० सेंमी, लांबीही तेवढीच. फॉइल पत्र्याला सगळीकडून टेकलेली हवी.

फिल्टरवाला (नको त्या वारंवारता अडवणारा) लो-नॉइज अॅम्प्लिफायर, म्हणजे स्वतःचा गोंगाट फारसा न घालता सिग्नल वाढवणारं यंत्र, थेट कनेक्टरलाच लावा. आधी लांब केबल आणि मग अॅम्प्लिफायर असं केलंत, तर केबलमध्ये सिग्नल घटतो, वर तिचा गोंगाटही त्याच्यासोबत मोठा होतो. फिल्टरवर पैसे वाचवू नका. शेजारच्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर अॅम्प्लिफायरला पार दडपून टाकतो. आलेख सपाटच आला तर आधी डोंगलमधली ‘बायस-टी’ ही केबलमधून वीज पाठवायची सोय चालू आहे का बघा, अॅम्प्लिफायरला वीज त्यातूनच मिळते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर खरखर करतो.

डोंगल १४२०.० वर लावा. पट्ट्याच्या मधोमध डोंगलचा स्वतःचा खोटा सुळका येतो, तो रेषेवर बसायला नको. ऑक्टोबरात रात्री आठच्या सुमारास आकाशगंगेच्या पट्ट्यातला डेनेब तारा उत्तरेला क्षितिजापासून साधारण ६४ अंशांवर असतो. तिकडे पाच मिनिटं, मग आग्नेयेला, त्या पट्ट्यापासून दूर असलेल्या कुंभ राशीकडे पाच मिनिटं नोंद घ्या आणि पहिलीला दुसरीने भागा, म्हणजे यंत्राचा स्वतःचा परिणाम निघून जातो. ढग किंवा शहराचे दिवे आड येत नाहीत.

हायड्रोजनचा सुळका, वायू आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर जात असेल तर, सेकंदाला १ किमी एवढ्या वेगामागे ४.७४ किलोहर्ट्झ सरकतो. पृथ्वीचा सेकंदाला ३० किमीचा वेग हिशेबात धरला नाही, तर चूक १४० किलोहर्ट्झपर्यंत जाते.

प्रश्न : मग हीच रेषा पहिल्या ताऱ्यांच्या काळातली का नाही पकडायची?

उत्तर : प्रसरणाने ती ताणली गेली आहे. विश्व सुमारे ३० कोटी वर्षांचं असतानाची रेषा आज ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे मुंबईच्या एफएम स्टेशनांच्या मधोमध! शिवाय आकाशगंगेचा स्वतःचा गोंगाट तिच्या हजारो पट. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटेना असलेल्या ‘एजेस’ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला अशी खूण सापडल्याचा दावा केला होता. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने ‘सारस-३’ या आपल्या रेडिओ दुर्बिणीचा अँटेना कर्नाटकातल्या जलाशयांवर तरंगत ठेवला, खाली एकसारखं पाणी असलं की जमिनीच्या थरांमुळे होणारा घोळ टळतो. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत ती खूण दिसली नाही.