दुसरी डिस्क चांगली, तरी सर्व्हर उठेना

प्रश्न : अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. हिशेबाच्या लिनक्स सर्व्हरला रेड-१ मध्ये (दोन्हींवर एकच डेटा ठेवणारी जोडणी) दोन डिस्क. पहिली गेली, दुसरी धड असूनही काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकते. डेटा गेला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, घाबरू नका, डेटा बहुधा जागेवरच आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी याच लुकलुकत्या रेघेसमोर रात्र काढली आहे. एमडीअ‍ॅडम या लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या साधनाचा आरसा, म्हणजे हुबेहूब प्रत, बहुतेकदा पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या एका भागाची असते. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला तुकडा मात्र डिस्कच्या सुरुवातीच्या ५१२ बाइटमध्ये, पार्टिशनच्या बाहेर. तो दुसऱ्या डिस्कवर आपोआप जात नाही.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करा, अ‍ॅरे (रेडची डिस्क-जोडी) जोडा आणि तिची स्थिती सांगणारी एमडीस्टॅट फाइल बघा. चौकटी कंसात एक ‘यू’ आणि एक आडवी रेघ दिसली की एक डिस्क जिवंत आहे. आधी बॅकअप घ्या, कृपा करून आधी बॅकअपच! मग क्रूटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच डिस्कवरच्या मूळ लिनक्समध्ये, शिरून ग्रब-इन्स्टॉल चालवा, तेही अख्ख्या डिस्कवर, पार्टिशनवर नाही. यूईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होणारं) मशीन असेल तर सुरुवातीच्या फाइली ठेवणारं ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवरही लागतं. नवी डिस्क जोडाल तेव्हा तिच्यावरही ग्रब टाका.