गाडीत पिस्तूल ठेवायचं म्हणता, तर आधी हिशेब

प्रश्न: ह्यूस्टनजवळ केटीला आमचं इंडियन ग्रोसरी आणि चाटचं छोटं दुकान आहे. शनिवार-रविवार मिळून तीनेक हजार डॉलर रोख जमते. ती रात्री दहानंतर बँकेच्या नाइट ड्रॉपमध्ये (बँक बंद असताना पैसे टाकायची खिडकी) टाकायला मी एकटाच गाडीनं जातो. गाडीत ठेवायला स्वस्त पण भरवशाचं पिस्तूल घ्यायचा विचार आहे, बजेट ६०० डॉलर. एक मित्र म्हणतो २०० डॉलरचंही चालतं. दुसरा म्हणतो रिव्हॉल्व्हर घे, ते अडकत नाही. मी आणि बायको ग्रीन कार्डवर आहोत. मेव्हणा एच-१बीवर आहे आणि अधूनमधून हीच गाडी नेतो. मुलगा ९ वर्षांचा, घर स्वतःचं.

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा शब्द 'मेव्हणा' आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर सूट नाही. टेक्ससनं २०२१ पासून २१ वर्षांवरच्यांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा दिली, पण फेडरल कायद्यानं ज्याला मनाई आहे त्याला तिचा उपयोग शून्य. पिस्तूल तुमच्या नावावर असलं तरी ते गाडीत आहे हे त्याला माहीत आहे आणि त्याचा हात तिथे पोचतो, एवढ्यावर 'ताबा' धरला जाऊ शकतो. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते, आणि त्यातून ग्रीन कार्डवालाही सुटत नाही. तेव्हा पिस्तूल घेतलंत तर मेव्हण्याला दुसरी गाडी द्या, किंवा चावी हातात देण्याआधी पिस्तूल घरात जाऊ द्या. 'आज विसरलो' इथे चालत नाही.

आता पैशांचं. तुमचे ६०० डॉलर फक्त पिस्तुलाला पुरतील. पहिल्या वर्षाचा माझा हिशेब असा: पिस्तूल ४००, त्यावर ८.२५ टक्के सेल्स टॅक्सचे ३३. चाप (ट्रिगर) पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, ४०. पुढच्या दोन सीटांमधल्या कन्सोलमध्ये बोल्टनं बसणारी पोलादी तिजोरी सुमारे २५०. नवशिक्यांचा एक चांगला क्लास १५०. टेक्ससचा परवाना ४० आणि त्याचा वर्ग धरून १००. सरावाच्या ५०० गोळ्या १४०, संरक्षणासाठीच्या पोकळ टोकाच्या ७५ गोळ्या ७५, सहा वेळा रेंजची फी १२०. बेरीज १,३०० च्या घरात जाते. पुढे दर वर्षी सराव आणि गोळ्यांचे अडीचशे-तीनशे धरा. पिस्तूल घेऊन सराव टाळणार असाल तर घेऊच नका.

परवाना सक्तीचा नसताना १०० डॉलर का घालायचे? शाळेमुळे. फेडरल कायद्यात शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांत भरलेली बंदूक नेता येत नाही. राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे, परवान्याशिवाय बाळगणाऱ्याला नाही. मुलाला रोज शाळेत सोडणाऱ्या बापाला हे १०० डॉलर फार स्वस्तात पडतात. शिवाय टेक्ससचा परवाना दाखवला की दुकानात बॅकग्राउंड चेकची वाट पाहावी लागत नाही.

आता इन्शुरन्स, इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. काच फोडून पिस्तूल चोरलं तर गाडीची पॉलिसी फारतर काचेचं बघते. पिस्तूल घराच्या पॉलिसीखाली येतं. बंदुकांच्या चोरीला तिथे वेगळी मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसींमध्ये २,५०० डॉलर. पण त्याआधी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपल्या खिशातून भरायचा पहिला हिस्सा, आडवं येतं. टेक्ससमध्ये ते अनेकदा घराच्या विमा रकमेच्या १ टक्का असतं. घर साडेतीन लाखांचं धरलं तर ३,५०० डॉलर. म्हणजे ४०० डॉलरच्या पिस्तुलाचे हातात शून्य, वर क्लेमची नोंद झाली तर तीही तुमच्याच खात्यात. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा सगळ्यात मोठा वाटा गाड्यांमधून जातो, त्यामुळे हा धोका कागदावरचा समजू नका. सीटखाली आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये चोर आधी हात घालतो.

दुकानाच्या लायबिलिटी पॉलिसीचीही पानं उलटा. स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी वापरलेल्या वाजवी बळाला मूळ मसुद्यात सहसा संरक्षण असतं. पण छोट्या दुकानांच्या स्वस्त पॉलिसीला 'असॉल्ट अँड बॅटरी' (मारहाण) किंवा 'फायरआर्म्स' (बंदुका) वगळणारी पुरवणी जोडलेली सापडते. ती असेल तर रोकड बँकेत नेताना झाडलेल्या गोळीच्या दाव्यात वकिलाचं बिल तुमचं. गोळी न्याय्य ठरली तर टेक्ससचा कायदा दिवाणी दाव्यापासून वाचवतो, पण ती न्याय्य ठरेपर्यंत तासांचं मीटर चालूच असतं.

मॉडेलचं म्हणाल तर ९ एमएमच घ्या, कारण गोळी स्वस्त आणि सगळीकडे मिळते. स्मिथ अँड वेसन एसडी९ २.० किंवा रुगर सिक्युरिटी-९ साधारण साडेतीनशे ते चारशेत येतात आणि तुमच्या कामाला पुरेशी आहेत. ग्लॉक १९ साठी दीड-दोनशे जास्त पडतात. त्याची होल्स्टर आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) कुठेही मिळतात आणि विकताना भावही टिकतो, म्हणून तो फरक मी वाया गेलेला धरत नाही. दोनशेच्या हाय-पॉइंटची रचना साधी ब्लोबॅक आहे. म्हणजे गोळीचा दाब फक्त वजनावर आणि स्प्रिंगवर सांभाळायचा; त्यासाठी स्लाइड (वरचा सरकणारा भाग) जड आणि स्प्रिंग ताठ ठेवावी लागते, त्यामुळे ते हातात धोंड्यासारखं वाटतं. धंद्यासाठी मी ते धरणार नाही.

रिव्हॉल्व्हर अडकत नाही हे बऱ्यापैकी खरं. पण छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला दहा-बारा पौंडांचा जोर, नळी आखूड, गोळ्या पाच-सहा आणि त्यांची .३८ स्पेशल गोळी ९ एमएमपेक्षा बरीच महाग. महाग गोळी म्हणजे कमी सराव. पोलिसांनी बदलून टाकलेली .४० कॅलिबरची ग्लॉक २२ तीनशेच्या आसपास मिळतात, मजबूतही असतात. मात्र त्यांची गोळी महाग, धक्का जास्त, आणि रात्री चमकणारी ट्रिटियमची साइट (नेम धरायची खूण) १२ वर्षांत निम्मी मंदावते.

नवं पिस्तूल घेतल्यावर आधी २०० साध्या गोळ्या आणि मग जी गाडीत ठेवणार त्याच ब्रँडच्या ५० पोकळ टोकाच्या गोळ्या झाडून बघा. एकदाही अडकलं तर आधी मॅगझिन बदला, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. खरेदीला जाताना ग्रीन कार्ड आणि सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स न्या. घर बदलून लायसन्सवर जुना पत्ता राहिला की तिथेच गाडं अडतं. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावानं घेणं हा वेगळा गुन्हा आहे, हे मेव्हण्यालाही सांगून ठेवा.

गाडीत ते होल्स्टरसकट तिजोरीत ठेवायचं आणि होल्स्टरसकटच घरातल्या तिजोरीत न्यायचं. अपघाती गोळी बऱ्याचदा सुटते ती काढता-ठेवताना. रोज रात्री रिकामं करून सकाळी तीच गोळी पुन्हा नळीत चढवली तर आणखी एक गोष्ट घडते: गोळीचं टोक काडतुसात थोडं थोडं आत सरकतं आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. शेजारी नवी गोळी उभी करून बघा, वापरलेली बुटकी दिसली की ती टाकून द्या. ह्यूस्टनच्या दमट हवेत स्लाइडला गंज धरतो, म्हणून पंधरवड्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा, तिजोरीत सिलिका जेलची पुडी टाका आणि गोळ्या दर वर्षी रेंजवर संपवून नव्या भरा. मुलाच्या हाती लागलं तर टेक्ससमध्ये तो पालकाचा गुन्हा ठरतो. घरची तिजोरी त्यासाठीही हवी.

माझं मत विचाराल तर हे १,३०० डॉलर आधी रोकडीवर लावा. धोक्याची वेळ दुकानाच्या मागच्या दारापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून नाइट ड्रॉपच्या खिडकीपर्यंत असते. त्या दोन्ही वेळा गाडीतल्या तिजोरीतलं पिस्तूल तुमच्या हातात नसतं. विलंबानं उघडणारी ड्रॉप सेफ (फटीतून पैसे आत टाकायची तिजोरी) दुकानात बोल्टनं बसवा, आणि भरणा सोमवार-मंगळवारी दिवसाउजेडी, वेळ आणि रस्ता बदलत करा. आर्मर्ड गाडीच्या पिकअपचं आठवड्यातून एका फेरीचं कोटेशन मागवा. पॉलिसीतलं 'मनी अँड सिक्युरिटीज'चं कलम दुकानाबाहेरच्या रोकडीला किती रकमेपर्यंत लागू आहे तेही एजंटकडून लेखी घ्या. १०,००० डॉलरवरच्या रोख भरण्याचा बँक सरकारला देते तो रिपोर्ट टाळायला कुणी भरणा तुकड्यांत करायला सुचवलं तर ऐकू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे. तुमच्या तीन हजारांना त्याची गरजही नाही.

हे करून तीन महिने बघा. तरीही रात्रीची फेरी टळत नसेल तर पिस्तूल घ्या, वरच्या पूर्ण खर्चासकट. सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो घरच्या कागदपत्रांत ठेवा, चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा तोच मागतात. आणि मागच्या काचेवर बंदूक कंपनीचा स्टिकर लावू नका, चोर तो वाचतो.