उष्टावण झाल्यापासून बाळाला खडा होतोय, चार-चार दिवस शी नाही. एरंडेल द्यावं का?

एरंडेल देऊ नका. विड्याच्या पानाचा देठ तर अजिबात नको. का नको ते खाली सांगते, कारण घरात ते पटवून द्यायचं काम तुम्हालाच करायचंय. पण आधी बाळाच्या वाटीकडे बघू.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात महिन्यांची आहे आणि सहा महिने संपल्यावर उष्टावण केलं. सकाळी नाचणीचं सत्व, दुपारी तांदळाची पेज, संध्याकाळी कुस्करलेलं केळं किंवा साल काढून शिजवलेलं सफरचंद. अंगावरचं दूध आता फक्त रात्री आणि पहाटे, दिवसा बाटलीने गाईचं दूध. शी चार दिवसांनी, खड्यांसारखी. करताना लालबुंद होऊन रडते आणि परवा शीवर रक्ताची बारीक रेघ होती. सासूबाई एरंडेल म्हणतात, शेजारच्या काकू देठ म्हणतात.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. घरोघर जाऊन लहान मुलांच्या वाटीत काय पडतंय ते बघणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. तुमची यादी वाचून मला नवल वाटलं नाही. चांगल्या, काळजी घेणाऱ्या घरांत हीच यादी असते, आणि खडाही बहुतेक याच घरांत होतो.

आधी एक गोष्ट वेगळी काढते. नुसती ‘चार दिवस शी नाही’ म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे. फक्त अंगावर पिणारं बाळ कधी कधी आठवडाभर शी करत नाही आणि केली की मऊ, पिवळी, भरपूर करतं. त्यात काही बिघडलेलं नसतं. कुंथणं, लाल होणं, दहा-पंधरा मिनिटं रडणं आणि मग मऊच शी होणं, हेही पहिल्या आठ-नऊ महिन्यांत दिसतं. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ बाळाला अजून जमलेला नसतो. तो त्याचा त्यालाच जमतो. वरचं खाणं सुरू झालं की शीचा रंग गडद होतो, वास येतो, पूर्वीपेक्षा घट्ट होते, तेही साहजिक. बघायचा तो कडकपणा. कोरडे खडे, मोठा कठीण गोळा, करताना खरं दुखणं, म्हणजे बद्धकोष्ठ. तुमच्या मुलीला ते आहे. रक्ताची रेघ बहुधा कडक शीने गुदद्वाराशी पडलेल्या चिरेची असते, पण रक्त दिसलंय तेव्हा बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्याच. शिवाय चीर दुखते म्हणून बाळ शी रोखून धरतं, रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. म्हणून हे प्रकरण महिनाभर ‘होईल बरं’ म्हणून सोडायचं नसतं.

आता सत्वाबद्दल. आपल्याकडे बाळासाठी काही करायचं म्हटलं की गाळणी पुढे येते. नाचणी रात्रभर भिजवायची, वाटायची, पातळ फडक्यातून पिळून घ्यायची, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा, हे सत्व. कष्टाचं काम आहे, करणारीचं कौतुकही होतं. फडक्यात उरलेला चोथा मात्र कोंबड्यांना जातो. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नसतात. ज्या धान्यात तांदळाच्या तिप्पट-चौपट तंतू आहेत तेच आपण फडक्यातून काढून टाकतो आणि उरलेला स्टार्च बाळाला भरवतो. नाचणीतलं लोह आणि कॅल्शियमही बरंचसं त्या चोथ्याबरोबर जातं. तवकीर, साबुदाण्याची खीर, डब्यातलं तांदळाचं तयार खाणं, सगळ्यांची तीच गत. पचायला हलकं म्हणून देतात. हलकं असतंही, पण आतड्याला पुढे ढकलायला त्यात काही उरलेलं नसतं.

तर नाचणी बंद करू नका, सत्व बंद करा. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून घरच्या घंटीवर किंवा गिरणीत बारीक दळून आणा. पिठाच्या नेहमीच्या चाळणीने चाळा, फडक्याने नको. दोन चहाचे चमचे पीठ अर्धी वाटी पाण्यात गुठळ्या मोडून नीट शिजवा. मोड आलेल्या पिठाची खीर फार घट्ट होत नाही, हा आणखी एक फायदा. वरून कोंडा किंवा इसबगोल मात्र मुद्दाम घालू नका. एवढ्याशा पोटात पाण्याशिवाय चोथा कोंबला तर गोळा आणखी घट्ट होतो.

दुपारच्या पेजेऐवजी मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी करा. तांदूळ दोन भाग, डाळ एक भाग, त्यातच लाल भोपळा, दुधी किंवा पालकाची मूठभर पानं शिजवायची आणि रवीने किंवा चमच्याच्या पाठीने घोटायची. मिक्सरमधून काढून गाळू नका. सात महिन्यांचं बाळ बिनदाताचं असलं तरी हिरड्यांनी मऊ अन्न छान चिरडतं. चमच्यावरून ओघळणार नाही इतपत दाट ठेवा. पातळ पाण्याने पोट भरतं, बाळाचं पोषण होत नाही. लापशी रव्याची खीरही चालेल. वरून अर्धा चमचा तूप घाला. तूप आतड्याला वंगण लावतं असं सगळे सांगतात, पण एवढं तूप बाळाला पचून जातं, शीपर्यंत पोचत नाही. ते घालायचं ते उष्मांकासाठी. मीठ-साखर-गूळ वर्षापर्यंत नकोच.

खरा फरक फळाने पडतो. पेर, आलुबुखार, पीच यांत सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाही, उलट पाणी ओढून धरते आणि शी मऊ होते. बाजारात पेर मिळाला तर वाफवून, कुस्करून दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा आणि हळूहळू पाव-अर्ध्या वाटीपर्यंत न्या. वाळवलेले आलुबुखार, म्हणजे प्रून, मिळाले तर एक गरम पाण्यात भिजवून, बी काढून, कुस्करून द्या. यातलं काही न मिळणाऱ्या गावांत मी पिकलेली पपई सांगायची, आणि काळ्या मनुका रात्रभर भिजवून, चोळून, गाळून तो कोळ. इथे मात्र गाळणी हवी, कारण अख्खी मनुका बाळाच्या घशात अडकू शकते. केळं द्यायचंच तर सालीवर काळे ठिपके आलेलं, पूर्ण पिकलेलं. कच्चट केळ्याने खडा वाढतो. साल काढून शिजवलेलं सफरचंद तूर्त थांबवा, जुलाब होतात तेव्हा ते कामाला येतं. नवा पदार्थ एका वेळी एकच आणा, म्हणजे काय मानवलं काय नाही ते कळतं.

गाईच्या दुधाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध पिण्याचं मुख्य दूध म्हणून द्यायचं नसतं. त्यात लोह जवळजवळ नाही, त्याने पोट भरलं की बाळ जेवत नाही, आणि काही बाळांना नुसत्या गाईच्या दुधातल्या प्रथिनांनीच बद्धकोष्ठ होतं. उष्टावण झालं म्हणजे अंगावरचं कमी करायचं, हा समज कुठून आला कुणास ठाऊक. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला खाण्यातून दिवसाला साधारण २०० उष्मांक हवे असतात, बाकी सगळं अजून दुधातूनच येतं. दिवसाही पाजा, आणि दोन-तीन वेळा भरवा. तुम्ही कामावर जात असाल तर दूध काढून ठेवा. ते जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून फॉर्म्युला द्या आणि डब्यावर लिहिलेल्या मापानेच बनवा. ‘जरा दाट’ म्हणून एक चमचा जास्त टाकला की खडा ठरलेला.

पाणी आता द्यायला हरकत नाही. उकळून गार केलेलं, वाटी-चमच्याने, प्रत्येक खाण्यानंतर चार-सहा चमचे. दिवसभरात मिळून पाव लिटरच्या आतच राहू द्या. त्याहून जास्त पाजलं तर दूध कमी प्यायलं जातं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर पाणीसुद्धा नको म्हटलं असतं.

आता घरातले उपाय. एरंडेलाने शी होते, यात खोटं काही नाही, म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पण ते आतड्याला पिळवटून शी करवतं. मुरडा येतो, जुलाब झाले तर एवढ्याशा बाळाच्या अंगातलं पाणी भरभर कमी होतं, आणि रडत्या बाळाच्या तोंडात ओतलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. देठ, साबणाची सळी, कापसाची काडी, काहीही आत सारलं की तिथल्या नाजूक त्वचेला इजा होते. साबणाने तर आग होते. तुमच्या मुलीला आधीच चीर असावी, तिथे हे म्हणजे जखमेवर मीठ. ग्लिसरीनची बत्तीसुद्धा डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि सवयीची करू नका.

गुटी देत असाल तर तिच्यात काय आहे ते बघा. हिरडा सारक, मुरुडशेंग आणि जायफळ नेमकी उलट्या गुणाची, शी बांधणारी. सहाणेवर कुणाचे किती वेढे पडले यावर परिणाम ठरणार. आणि ती मधातून देत असाल तर आजच थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरसुद्धा नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. त्या आजाराचं, बॉट्युलिझमचं, पहिलं लक्षण बहुतेक वेळा बद्धकोष्ठच असतं. मध दिला गेला असेल आणि बाळ मलूल झालं, मान टाकू लागलं, नीट ओढून पीत नसेल, रडणं क्षीण झालं, तर लगेच दवाखाना गाठा, आणि मध दिल्याचं तिथे न लाजता सांगा.

सासूबाईंकडून घ्यायचं ते दुसरंच काही आहे. जुन्या बायका जमिनीवर बसून, पाय जवळ घेऊन, बाळाला दोन्ही पावलांवर उकिडवं बसवून शी करवत. गुडघे पोटाशी येतात, वाट सरळ होते, बाळाला जोर लावायला टेकू मिळतो. डायपरमध्ये उताणं पडून शी करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. खाण्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, पाठ आणि बगला धरून, दोन-चार मिनिटंच बसवा. रडली तर उठवा. त्याआधी कोमट पाण्याची अंघोळ, मग नाभीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने तेल (मोठं आतडं त्याच दिशेने जातं) आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवणं. गुदद्वाराला बाहेरून खोबरेल लावा. हिंगाचा लेप लावायचा तर बेंबीभोवती लावू द्या. बद्धकोष्ठाला उपयोग नाही, पण त्याच्यावरून घरात भांडायचं कारणही नाही.

आशाताईंनी लोहाचं सिरप दिलं असेल, तर आठवड्यातून दोनदा १ मिली, ते चालू ठेवा. त्याने शी काळपट दिसते, म्हणून अनेक घरांत बाटली फडताळात जाऊन बसते. या मात्रेने सहसा खडा होत नाही, आणि गाईचं दूध पिणाऱ्या बाळाला लोहाची गरज जास्तच. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

हे सगळं बदलल्यावर चार-पाच दिवसांत शी मऊ होऊ लागायला हवी. नाहीच झाली तर डॉक्टर लॅक्टुलोजसारखं औषध देतील. ते पाणी ओढून शी मऊ करतं, आणि त्यांनी सांगितले तितके दिवस द्यायचं, एकदा शी झाली म्हणून मधेच सोडायचं नाही. पण पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, ताप आला, रक्त रेघेपेक्षा जास्त दिसलं, वजन वाढत नसलं किंवा बाळ सुस्त वाटलं, तर चार दिवस वाट बघू नका. जन्मानंतर पहिली काळी चिकट शी दोन दिवसांत झाली नव्हती, किंवा पहिल्या महिन्यापासूनच हा त्रास आहे, असं असेल तर तेही आवर्जून सांगा. आतड्याच्या जन्मजात दोषाची किंवा थायरॉईडची तपासणी मग ते करतील. जाताना शीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि दोन दिवसांत बाळाने काय काय खाल्लं-प्यायलं ते कागदावर लिहून न्या.