चकमक उडते, एन्काऊंटर ‘केला’ जातो

ऐरोलीच्या एका शिक्षिकेने प्रश्न पाठवला आहे. नववीच्या वर्गात वादविवादासाठी त्यांनी फळ्यावर विषय लिहिला: ‘पोलीस चकमक: योग्य की अयोग्य?’ मुले बदलापूर प्रकरणातल्या आरोपीबद्दल बोलू लागली: शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला, पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेलेला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, चकमक दोघांत होते ना? व्हॅनमध्ये पोलिसांच्या मधोमध बसवलेल्या माणसाशी चकमक कशी होईल?” बाईंना उत्तर सुचेना. हा शब्द इथे चालतो का, आणि चालत नसेल तर काय लिहायचे, असे त्या विचारतात.

मुलाने शब्दाच्या मुळावरच बोट ठेवले आहे.

मुरबाडकडच्या आमच्या घरात आजोबांची चामड्याची छोटी थैली होती. त्यात पोलादाची वाकडी पट्टी, गारगोटीचा तुकडा आणि बांबूच्या नळीत शेवरीचा कापूस. विडी पेटवायची झाली की गारेच्या कडेवर कापूस अंगठ्याने दाबून धरायचा आणि पट्टीचा तिरका फटका मारायचा. कधी पहिल्या, कधी पाचव्या फटक्याला ठिणगी कापसावर पडे, मग हळू फुंकर. या सामानाला ते ‘चकमक’ म्हणत. लहानपणी मी नुसती पट्टी दगडी पायरीवर घासून पाहिली होती. आजोबा म्हणाले, “गार लागते रे, एकट्या पोलादाने आग होत नाही.”

शब्द मूळचा तुर्की. आपटून ठिणगी पाडणे या अर्थाचे तिथले क्रियापद फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि सैन्याच्या तुकड्यांमधल्या छोट्या झटापटीला लागू झाले. म्हणून मराठीत चकमक ‘उडते’, ‘झडते’, आणि ती कुणाशी तरी होते. विधिमंडळात दोन आमदारांची शाब्दिक चकमक उडते. एकच जण बोलत असेल तर आपण त्याला चकमक म्हणत नाही, भाषण म्हणतो. गडचिरोलीच्या जंगलात दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटतात तेव्हा हा शब्द अगदी नेमका बसतो.

आता ‘एन्काऊंटर’ हा शब्द लोकांच्या तोंडी कसा चालतो ते ऐका. कोपऱ्यावरच्या टपरीवर कुणी ‘पोलिसांशी त्याचा एन्काऊंटर उडाला’ असे म्हणणार नाही. सगळे म्हणतात, ‘त्याचा एन्काऊंटर केला’. खून जसा कुणाचा तरी केला जातो, तसाच हा. ‘-शी’ गेला आणि ‘-चा’ आला, ‘उडणे’ गेले आणि ‘करणे’ आले. बोलणाऱ्याला व्याकरण ठाऊक नसते, पण घडले काय ते त्याच्या विभक्तीला बरोबर कळलेले असते. ‘त्याचा एन्काऊंटर करा’ अशी मागणी होऊ शकते, ‘त्याच्याशी चकमक करा’ अशी मागणी मी अजून ऐकलेली नाही. छापताना मात्र हाच एन्काऊंटर पुन्हा ‘चकमक’ होतो आणि नसलेली दुसरी बाजू वाक्यात येऊन बसते.

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्थानकात लोकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली तेव्हा घोषणा होती ‘फाशी द्या’. दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत जे झाले, त्याने कुणाचेही रक्त उसळेल, माझेही उसळले होते. पण फाशी या शब्दात न्यायाधीश आहे, साक्षी-पुरावे आहेत, अपील आहे. महिन्याभराने, २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी, तळोजा तुरुंगातून पोलिसांनी ताब्यात घेतलेला तो २४ वर्षांचा आरोपी मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. पोलिसांचे म्हणणे असे की त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. मग मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक लागले. ‘पूरा’ हिंदी, आणि सूड या अर्थाचा ‘बदला’ही तिकडच्याच वळणाचा. आपल्याकडे बदलणे म्हणजे एकाच्या जागी दुसरे घेणे. बदलापूरला घोडे बदलत म्हणून गावाला हे नाव पडले, असे जुने लोक सांगतात. त्या नावाची अशी फोड झालेली पाहून मला फार वाईट वाटले.

दोनच दिवसांनी उच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि खंडपीठानेही हाच शब्द हातात धरला: याला एन्काऊंटर म्हणता येणार नाही, एन्काऊंटरची व्याख्या वेगळी असते. तुमच्या वर्गातला मुलगा यापेक्षा वेगळे काय म्हणाला? पुढे जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने व्हॅनमधल्या पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरले.

चकमकीत झालेल्या मृत्यूंची चौकशी कशी व्हावी याचे १६ नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणावरून, २३ सप्टेंबर २०१४ ला. मुंब्र्याच्या घटनेच्या बरोबर दहा वर्षे आधी, तारीखसुद्धा तीच.

आणि नवी मुंबईकरांनी वाशी विसरू नये. ११ नोव्हेंबर २००६ ला वाशीतून एका माणसाला उचलले आणि त्याच संध्याकाळी तो वर्सोव्यात ‘चकमकीत ठार’ झाला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आणि १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने तो खून होता असे ठरवले. त्याआधी कागदावर ती ‘चकमक’ होती. ‘बनावट चकमक’ हा जोडशब्द अशा प्रकरणांतूनच रुळला आणि तोही मला खटकतो. खोटे नाणे जसे नाणे नसते, तशी ती चकमकच नसते.

नामाइतकेच क्रियापदाकडेही मुलांचे लक्ष वेधा. नेहमीची बातमी अशी असते: ‘आरोपीने पोलिसांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. प्रत्युत्तरादाखल झालेल्या गोळीबारात तो ठार झाला.’ पहिल्या वाक्यात कर्ता आहे, ‘ने’ आहे, कर्म आहे. दुसऱ्यात गोळीबार आपोआप ‘झाला’ आणि माणूस आपोआप ‘ठार झाला’. गोळी कोणी झाडली ते मराठीत सांगता येत नाही असे थोडेच आहे? ‘पोलिसांनी झाडलेल्या गोळीने तो मेला’ हे सरळ वाक्य आहे. त्यात पोलिसांवर आरोप नाही, त्यांचा बचावही नाही. स्वसंरक्षणार्थ की नाही, ते चौकशीने ठरेल, तोवर ‘पोलिसांचे म्हणणे असे की’ एवढे शब्द जोडायला फारशी जागा लागत नाही.

म्हणून, बाई: दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्याचे निर्विवाद असेल तिथे ‘चकमक’ खुशाल लिहा. तसे नसेल तर ‘पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू’. माणूस ताब्यात असेल तर ‘कोठडीतील मृत्यू’, आणि बदलापूरच्या प्रकरणाला हाच शब्द लागू आहे. निकाल लागेपर्यंत ‘आरोपी’, ‘नराधम’ नव्हे. आरोप म्हणजे वर ठेवलेली गोष्ट, वृक्षारोपणातले ‘आरोपण’ तेच. ठेवलेले रुजते की नाही, ते न्यायालय पाहते.

एन्काऊंटर की एन्काउंटर, असेही तुम्ही विचारले आहे. दोन्ही छापले जातात, वर्गात एकच पाळा म्हणजे झाले.

आणि फळ्यावरचा विषय पुसून असा लिहा: ‘ताब्यातील आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तर चौकशी कोणी करावी?’ पहिल्यांदा त्या मागच्या बाकावरच्या मुलाला बोलू द्या.